सांतिनेज, जुवें आणि नेसाय: नावं बदलायची की नाही?

मांडवीकाठ: काल इथे एकांनी लिहिलं की गोवा 1961 ला पोर्तुगिजांपासून मुक्त झाला तरी सांत इनेज (म्हणजे आपलं सांतिनेज), सांतु इस्तेव, सां जुझे दि आरियल ही गावा-वस्त्यांना दिलेली संतांची नावं तशीच आहेत, एका फटक्यात बदलून टाका. वाचून डोकं तापलं. पणजीतली हिंदू स्मशानभूमी सांतिनेजलाच आहे. आजोबांच्या अस्थी गोळा करायला निघालो तेव्हा पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) ‘सांतिनेज’ एवढंच म्हणालो, त्याने मुकाट्याने नेलं. हे नाव परकं कसं?

कोथरूडकर: कालचं ते मीच लिहिलंय. आमचा देव मंगेश पोर्तुगिजांमुळे 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावा लागला. रातोरात देव उचलून नदी ओलांडणाऱ्यांचे वंशज आहोत आम्ही. सां जुझेचं मूळ नाव नेसाय, सांतु इस्तेवचं जुवें. ज्यांनी ती पुसली त्यांचं कौतुक मला सांगू नका.

जुवेकार: पुसली कुठे? मी जुव्याचा, दर रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणारा. घरी, शेतात, बाजारात आम्ही जुवेंच म्हणतो. सात शिरांची भेंडी घेताना गिऱ्हाईक ‘जुव्याची ना?’ असंच विचारतं. कागदावर सांतु इस्तेव. दोन्ही आमचीच. आणि देवळं पाडली ती आमच्याही पूर्वजांची होती, हे विसरू नका.

बे एरियातून: सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण बघा. गावाचं नाव येर्बा बुएना होतं, 1847 मध्ये अमेरिकी अधिकाऱ्याने ते बदलून संताचं केलं. स्पेनचं राज्य तेव्हा कधीच संपलं होतं. लेनिनग्राडच्या लोकांनी तर 1991 मध्ये मतदान करून सेंट पीटर्सबर्ग परत आणलं. तिथे राहणाऱ्यांना विचारा.

ताळगावची: नावावरून भांडताय, पण सांतिनेजची खाडी बघितलीत का कोणी? ताळगावातून येऊन मांडवीला मिळेपर्यंत तिचं गटार होऊन जातं. लहानपणी बाबा तिथे गरी टाकून बसायचे. आता नाकाला रुमाल लावल्याशिवाय पुलावर उभं राहवत नाही.

मांडवीकाठ: अगदी खरं. सांडपाणी थेट सोडतात, वर काठ भराव घालून आवळत आणलाय.

कोथरूडकर: विषय भरकटवू नका!

ताळगावची: भरकटवू नका म्हणजे? तुम्ही पुण्यात बसून पाटी बदलणार आणि वास आम्ही घेणार. खाडी मेली तर पाटीवर काहीही लिहा, काय फरक पडतो? मोठ्या इमारतींची सांडपाण्याची जोडणी तपासा, ही मागणी करा, मी पहिली सही करते.

मांडवीकाठ: दुसरी माझी.

कोथरूडकर: सही मीही करीन. पण नेसायचं काय? निदान पाटीवर ते वर लिहा, सां जुझे खाली.

जुवेकार: वरखाली कशाला? शेजारी शेजारी लिहा. आणि ते ग्रामसभेत ठरू दे, इथे नाही.

कोथरूडकर: ग्रामसभेचं मान्य, नाइलाजाने. पण पाटीवर नेसाय आलंच पाहिजे. त्यावर मी मागे हटणार नाही.