रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभारावा का?

तटबंदी (विषयाची मांडणी):
जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत रायगड आहे. गडावरचा राजवाडा होता तसा पुन्हा उभारावा, असे अनेक गडप्रेमी मनापासून म्हणतात. माझा त्याला विरोध आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत वाड्यांचे लाकूडकाम जळाले आणि दगडी जोती तेवढी उरली. खांब किती उंच होते, छप्पर कसे होते, हे दाखवणारा मोजमापांचा आराखडा हाती नसताना आपण जे उभारू ते आपल्या कल्पनेतले असेल, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नव्हे. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे वारसा-वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणारी १९६४ची व्हेनिस सनदही सांगते. तटाच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची मुळे शिरतात, पावसाचे पाणी मुरते आणि भिंत आतून पोखरली जाते. पैसा आणि कारागीर आधी तिथे लागावेत.

पायवाट:
मुद्दा योग्य आहे, तरी मला तो अपुरा वाटतो. आईला गडावर नेले तेव्हा ती रोपवेने वर येऊन मेणा दरवाजातून हळूहळू आत आली आणि जोत्यांकडे पाहत ‘महाराज राहायचे कुठे?’ हेच विचारत राहिली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले पोलंडमधल्या वॉर्साचे जुने शहर पुन्हा बांधले गेले आणि १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत आले. मग इथे एकही वास्तू का नको? शिवाय वर छप्पर आले, तर जोत्यांवर पावसाचा थेट मारा होणार नाही.

तटबंदी:
वॉर्सासाठी युद्धापूर्वीची मोजमापे होती, चित्रकार बेलोत्तोने १८व्या शतकात बारकाईने रंगवलेली चित्रे होती. आपल्याकडे इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनचा राज्याभिषेकाचा वृत्तांत आहे, पण त्यावरून दोन खांबांमधले अंतर काढता येत नाही. प्रतिकृती गडाच्या पायथ्याशी पाचाडला करावी. ती चुकली तर दुरुस्त करता येईल. जोत्यावर नवे खांब रोवताना हललेला मूळ दगड मात्र पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

चुनखडी:
बांधकामावर देखरेख करणारा म्हणून सांगतो, या वादात चुना मागे पडू नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती अडवते, त्यामुळे दर्शनी दगड शाबूत दिसत असतानाच आतली भरणी सुटत जाते. एका गढीचे सिमेंटने भरलेले सांधे तीन पावसाळ्यांत उकललेले मी स्वतः पाहिले आहेत. काम तटाचे असो वा वाड्याचे, चुना घाण्यात मळायला आणि नंतर मुरायला निविदेत किती दिवस धरले आहेत, हे आधी पाहावे.

पायवाट:
चुन्याबद्दल दुमत नाही. पाचाडची प्रतिकृतीही मान्य आहे, पण ती लाकडाची, पूर्ण मापाची आणि आत शिरून फिरता येईल अशी हवी. काचेच्या पेटीतला लहानसा वाडा पाहून आईचा प्रश्न सुटणार नाही.