मदत हवी आहे : सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरातला स्ट्रेन (ताणामुळे स्फटिकाच्या आकारात झालेला बदल) ००४ च्या एकाच पीकवरून ठरतो का?

नमस्कार मंडळी. इंदूरला एमएस्सीच्या प्रकल्पात पातळ थरांचं एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करते आहे. जाणकारांनी वाट दाखवावी.

सिलिकॉनच्या (००१) वेफरवर साधारण ५० नॅनोमीटरचा सिलिकॉन-जर्मेनियमचा थर आहे. तो दुसऱ्या ठिकाणी वाढवलेला. जर्मेनियम 'वीस टक्क्यांच्या आसपास' एवढंच तोंडी कळलंय. तांब्याच्या के-अल्फा-वन किरणांनी (१.५४०६ अँगस्ट्रॉम) ००४ चा, म्हणजे पृष्ठभागाला समांतर अणुपातळ्यांचा, स्कॅन घेतला. सब्स्ट्रेटचं (खालच्या वेफरचं) पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, टू-थीटाच्या (किरण एकूण किती वळला त्या कोनाच्या) ६९.१३ अंशांवर, म्हणजे जागच्या जागी. थराचं ६८.४८ वर.

सिलिकॉनचा लॅटिस कॉन्स्टंट (स्फटिकाच्या एका घराची लांबी) ५.४३१ आणि जर्मेनियमचा ५.६५८ अँगस्ट्रॉम. सरळ प्रमाण धरलं तर २० टक्क्यांना ५.४७६ येतो, आणि थर पूर्ण रिलॅक्स (ताण सुटलेला) असेल तर पीक नेमकं ६८.४८ वर पडतं. छान जुळलं, असं वाटतं. पण थर सिलिकॉनच्या लॅटिसशी जुळवून घेत वाढला असेल तर तो आडवा दाबला जातो आणि उभा वाढतो, आणि ही उभी वाढ आडव्या दाबाच्या सुमारे ०.७७ पट असते. हा हिशेब घातला की फक्त ११ टक्क्यांचा, पूर्ण स्ट्रेन असलेला थरही तिथेच पीक देतो! ००४ मधून पृष्ठभागाला समांतर पातळ्यांमधलं अंतर तेवढं कळतं, आडवं काहीच नाही. एक थर डिसलोकेशनांनी (स्फटिकाच्या रचनेतल्या दोषांनी) भरलेला, दुसरा जवळपास निर्दोष, आणि माझ्या आलेखावर दोघे सारखेच. प्रबंधात यातलं काय लिहायचं, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

२२४ या तिरप्या पातळ्यांच्या पीकभोवती रेसिप्रोकल स्पेस मॅप (विवर्तनाच्या तीव्रतेचा दोन दिशांतला नकाशा) घ्यावा असं मला वाटतं. थराचा डाग सब्स्ट्रेटच्या सरळ खाली आला तर पूर्ण स्ट्रेन, मूळ बिंदूकडे जाणाऱ्या रेषेवर आला तर रिलॅक्स. पण थर वेफरवर किंचित कललेला असेल तर तो डाग तसाही बाजूला सरकणार. हा टिल्ट वेगळा कसा काढायचा? आणि एवढ्यासाठी कॅटमधल्या (आताच्या आरआरकॅटमधल्या) इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, बीमटाइमचा (मोजणीच्या वेळेचा) अर्ज करावा का?

प्रतिसाद :
तुमचा हिशेब बरोबर आहे. आधी ००४ चाच मॅप ० आणि १८० अंश अझिमथला (नमुना स्वतःभोवती फिरवून) घ्या. टिल्ट असेल तर ओमेगात (किरण नमुन्यावर पडतो त्या कोनात) थराचं पीक सब्स्ट्रेटच्या एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जाईल. दोन्हींची सरासरी घेतली की टिल्ट निघून जातो. २२४ लाही तसंच दोन्हीकडून मोजा. तिथे किरण पृष्ठभागाला जेमतेम पावणेनऊ अंशांनी लागतो. पातळ थराला त्याचा फायदाच होतो, पण बीम नमुन्यावर लांब पसरतो, तेव्हा तुकडा फार लहान कापू नका.

००४ च्या स्कॅनमध्ये फ्रिंज (मुख्य पीकच्या बाजूच्या लहान लहरी) दिसतात का? ५० नॅनोमीटरला त्या टू-थीटात साधारण ०.२ अंशाच्या अंतराने याव्यात. स्वच्छ दिसल्या तर मी ११ टक्क्यांच्या बाजूने झुकेन. रॉकिंग कर्व्ह (ओमेगा फिरवून मिळणारा आलेख) रुंद आणि फ्रिंज गायब असतील तर रिलॅक्सेशनचा संशय घ्या, पण निकाल २२४ वरच द्या.

इंडस-२ ची इथे गरज नाही. थर पाच-दहा नॅनोमीटरचा असता, किंवा पृष्ठभागाला चाटून जाणारे किरण वापरून आडवं अंतर थेट मोजायचं असतं, तर अर्ज करा म्हटलं असतं. चार परावर्तनांचा मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारा भाग) असलेलं चांगलं लॅब डिफ्रॅक्टोमीटर ५० नॅनोमीटरला पुरतं, फक्त मॅपला वेळ भरपूर द्या.