सवलत म्हणजे माफी नव्हे

दादा, 'नियम सगळ्यांना सारखा, सिंगापूरने खेळाडूंची सक्तीची सैन्यसेवा पुढे ढकलू नये' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तिथला जलतरणपटू जोसेफ स्कूलिंग याला २०१३ मध्ये ती सवलत मिळाली आणि २०१६ ला रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने देशाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. नंतर गणवेशही चढवलाच की!

आपल्याकडे सक्ती नाही. तरी बेळगावात तालमीत घाम गाळणारी आणि भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं बरेचदा तीच असतात. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षापासून, अन् पैलवानाच्या अंगात खरं बळ भरतं तेही त्याच वयात. इथल्या लष्कराच्या मराठा सेंटरची बॉईज स्पोर्ट्स कंपनी, म्हणजे मुलांची क्रीडा तुकडी, लहान पोरांना कुस्ती आणि शाळा दोन्ही देते, ही वाट मला फार मोलाची वाटते. सवलतीला मुदत मात्र हवीच, आणि निकष शेतकऱ्याच्या पोराला अन् साहेबाच्या पोराला एकच.