भाजीची घोळ आणि माशाची घोळ: पाटीवर शास्त्रीय नाव लिहायलाच हवं का?

पागोळी: मागच्या पावसाळ्यात आमच्या गावात (रत्नागिरी तालुका) बचतगटाच्या बायकांनी रानभाज्यांचा स्टॉल लावलेला आणि पाटी रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी झोकात लिहिलं, "ताजी घोळ २० रु." मुंबई पासिंगच्या गाडीतले एक काका करकचून ब्रेक मारून उतरले, घोळ वीस रुपयाला? तुकडी की काय? मी लाल देठांची जुडी पुढे केली तर तोंड एवढंसं झालं, वर म्हणतात कसे ही तर आमच्या मिसेसच्या माहेरची चिवळ (मिसेस विदर्भातल्या). शेजारच्या काकू लगेच भांडायला उठल्या, चिवळ वेगळी ही घोळ. मासा एक, भाज्या दोन, आणि भांडण माझ्या पाटीवरून. माझं मत, नावाखाली सरळ शास्त्रीय नाव टाकावं, पोर्तुलाका ओलेरासिया, विषय संपला. पटतंय का?

दर्याचोराज: शास्त्रीय नाव घालून भाजी चविष्ट होतली काय? आमका कोणाक कधी घोळ होणा नाय. जुडी इचारली तर भाजी, तुकडी इचारली तर मासो. पोर्तु का काय ता लिवलास तर होता ता गिऱ्हाईकय पळान जातला.

हर्बेरियम_शीट: पागोळीला +१. मासा आणि भाजीत गोंधळ होत नाही हे ठीक, टोपलीत बघितलं की कळतं. खरा प्रश्न झाडाझाडात आहे. काकू बरोबर होत्या. चिवळ म्हणजे पोर्तुलाका क्वाड्रिफिडा, पानं जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, पेऱ्यांवर पांढरी लव असते आणि फूल चार पाकळ्यांचं. घोळीचं पान चमच्यासारखं, गुळगुळीत, फूल बहुतेक वेळा पाच पाकळ्यांचं, सकाळी ऊन आलं की उघडतं आणि थोड्या वेळात मिटतं. इथे चूक झाली तरी बिघडत नाही, दोन्ही खायच्याच. पण ब्राह्मीचं काय? पाणथळ जागेतली बारीक मांसल पानांची बॅकोपा पण ब्राह्मी, आणि जिच्या गोल पानांची चटणी करतात ती सेंटेला पण ब्राह्मी. औषध म्हणून घेणाऱ्याने नक्की कुठली घ्यायची? तिथे "आमका कळता" चालत नाही.

जुनी_होडी: मी उलट बाजूचा. शास्त्रीय नाव म्हणजे काय दगडावरची रेघ नव्हे. टाकळा आमच्या कॉलेजात कॅसिया टोरा होता, आता सेना टोरा झालाय. आजीचा टाकळा तेव्हाही टाकळा होता आणि आताही तोच. आणि पाटीवर अख्खं नाव कोण लिहिणार, नुसतं पोर्तुलाका लिहाल तर बाल्कनीतला चिनी गुलाब पण त्यातच येतो, नर्सरीत तो त्याच नावाने मिळतो. झाला की नाही परत घोळ.

सातपाटीकर: भाजीवाल्यांनो मधे बोलतो. आमच्याकडं घोळ म्हटलं की जुडीबिडी डोक्यात येतच नाय, भोत येतं. भोत म्हणजे पोटातली हवेची पिशवी, तिच्याच बाजूच्या स्नायूंनी घोळीच्या जातीचे मासे पाण्यात डुरकतात. भोत वाळवून परदेशात जातं, वाईन गाळायला, आपोआप विरघळणारे टाके करायला. मांस राहतं बाजूला, भाव भोतामुळं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या मुरबे गावच्या (पालघर जिल्हा) बोटीला १५७ घोळी लागल्या, १ कोटी ३३ लाखांना गेल्या, पेपरात आलेलं. २०२३ मध्ये गुजरातनं तिला राज्यमासा केला, आपल्याकडं त्याच वर्षी तो मान पापलेटला. तुमच्या वीस रुपयाच्या पाटीला गाडी थांबली ती उगाच नाय.

पागोळी: @सातपाटीकर आता त्या काकांचं तोंड का उतरलं ते कळलं 😄

ओटी_पडवी: नावावरून किती भांडताय, हाताने बघा ना. देठ मोडा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, जमिनीलगत पसरणारी दुधी वगैरे काहीतरी असेल, टाकून द्या. घोळीचा देठ मोडला की नुसतं पाणी, आणि चावून बघितली तर आंबट. मी मुगाची डाळ घालून करते, वरून लसणाची फोडणी. फक्त मुतखडेवाल्यांनी बेतानं, ऑक्झलेट भरपूर असतं.
आणि एक किस्सा. आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, "घोळ खा, ओमेगा ३ मिळवा". माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी, त्यांना वाटलं कोणीतरी मुद्दाम मासे खायला सांगतंय, दोन दिवस ग्रुपवर अबोला.

हर्बेरियम_शीट: तो फॉरवर्ड भाजीचा असला तरी खरा आणि माशाचा असला तरी खरा 😅 पण बघा, भाजीतलं ओमेगा ३ म्हणजे अल्फा लिनोलेनिक आम्ल, माशातलं वेगळं, आणि शरीर पहिल्याचं दुसरं फारच थोडं करतं. म्हणजे इथे पण नाव एक, वस्तू दोन. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एक शब्द जास्त लिहिला असता तर अबोला टळला असता की.

दर्याचोराज: अबोलो फॉरवर्डामुळे नाय, न इचारता रागावल्यामुळे. तोंड कशाक दिला हा देवान?

जुनी_होडी: ब्राह्मीचा मुद्दा मात्र मान्य. औषधाच्या पुडीवर लिहा, लिहायलाच पाहिजे. बाजारातल्या बाईला त्यात ओढू नका एवढंच, तिला ग्राहकाशी बोलून विकायचंय.

पागोळी: बरं, यंदाची पाटी अशी करतेय: "घोळ (भाजी), जुडी २० रु." लॅटिन नाव खाली बारीक अक्षरात, पेंट उरला तर.

दर्याचोराज: आणि चिवळीक काय लिवतलंस?

पागोळी: चिवळीची पाटी काकूंना रंगवायला देते, परत भांडण नको.

सातपाटीकर: आणि ते काका परत आले तर आमच्याकडं धाडा. वीस रुपयात घोळीचे खवले देतो, पिशवी घरून आणायला सांगा.