व्हिसेरात विष आढळले नाही, म्हणजे विषबाधा नव्हती असे समजावे का?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
माझ्या मावसभावाने मुरारपलीकडच्या शेतात मोहरीवरच्या माव्यासाठी डायमिथोएट फवारले. त्याच संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, अंग घामाने भिजले आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. पाच दिवस रुग्णालयात काढून तो गेला. व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांच्या, अहवालात विष आढळले नाही असे लिहिले आहे, आणि त्यावर बोट ठेवून विमा कंपनी अपघाती मृत्यू मानत नाही. आता काय करावे?

उत्तर १ (निवृत्त न्यायवैद्यक डॉक्टर)
आपल्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले. विष नव्हतेच असा त्या अहवालाचा अर्थ होत नाही. जठर, लहान आतडे, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या राखून ठेवलेल्या भागांत प्रयोगशाळा शिल्लक राहिलेले विष शोधते. पाच दिवस जगलेल्या रुग्णाचे जठर बहुधा आधीच धुतलेले असते आणि डायमिथोएटसारख्या ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाचे विघटन होऊन ते बरेचसे लघवीवाटे निघून गेलेले असते. मात्र विष गेले तरी त्याचा घाव मागे राहतो. ही औषधे मज्जातंतूंच्या कामासाठी लागणारे कोलीनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात, आणि तांबड्या पेशींतले विकर नव्या पेशी तयार होतील तसतसेच भरून येत असल्यामुळे त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून ही घट मृत्यूनंतर घेतलेल्या रक्तातही मोजता येते. आपल्या भिंड-मुरैना पट्ट्यात धान्यातल्या सल्फासच्या (अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या) गोळ्यांनी होणाऱ्या मृत्यूंतही असाच घोळ होतो, कारण तिथे फॉस्फीन वायू बनतो आणि व्हिसेरा ठेवलेल्या बरणीचे तोंड नीट बंद केले नसेल तर तपासणीच्या आधीच उडून जातो.

उत्तर २ (प्रयोगशाळेत काम केलेला सदस्य)
डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्यात एका गोष्टीची भर घालतो. शवविच्छेदनाच्या वेळी रक्त कोणत्या बाटलीत घेतले ते अवश्य विचारा. मद्यार्क तपासायचा असेल तर रक्त सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत घेतात, पण फ्लोराइड स्वतःच कोलीनएस्टरेजला रोखते, त्यामुळे त्याच बाटलीतून हे विकर मोजले तर आकडा खोटाच कमी येतो आणि समोरचा वकील तो एका वाक्यात उडवून लावतो.

प्रश्नकर्ता
रुग्णालयाचे कागद आज पुन्हा चाळले. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी प्लाझ्मा (रक्तातल्या द्रव भागातले) कोलीनएस्टरेज मोजले होते, आणि दोन्ही वेळा ते खालच्या मर्यादेच्या बरेच खाली आहे.

उत्तर १ (पुन्हा)
हा कागद अतिशय महत्त्वाचा आहे, तो जपून ठेवा. मात्र प्लाझ्मातले विकर यकृताच्या आजारातही घटते आणि तो आक्षेप विमा कंपनी नक्की घेईल, म्हणून यकृताच्या रक्ततपासण्या आणि शवविच्छेदनातले यकृताचे वर्णन सोबत जोडा. या विषबाधेवरचा उतारा असलेले अॅट्रोपिन किती दिवस आणि किती मात्रेत द्यावे लागले, याचीही नोंद केसपेपरवर असेल. मर्ग (आकस्मिक मृत्यूची पोलीस नोंद) ज्या ठाण्यात नोंदवला आहे, तिथल्या तपास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून हे सर्व कागद शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवायला सांगा आणि त्यांचा अंतिम अभिप्राय मागवा. मृत्यूच्या कारणाबद्दलचे त्यांचे मत केवळ व्हिसेराच्या अहवालाला बांधलेले नसते.