मदत हवी आहे: आयबीव्ही_डिस्ट्रॉय_सीक्यू परतच येत नाही

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर सी मध्ये लिहिलेला सर्व्हर आहे, व्हर्ब्ज (आरडीएमए नेटवर्क कार्ड वापरण्याची लायब्ररी) थेट वापरतो. एकच कम्प्लिशन क्यू (सीक्यू, पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदींची रांग), तिच्यावर बऱ्याच क्यूपी (क्यू पेअर, पाठवण्या-घेण्याच्या रांगांची जोडी), आणि इव्हेंटची वाट बघणारा वेगळा थ्रेड. सर्व्हर बंद करताना मुख्य थ्रेड आयबीव्ही_डिस्ट्रॉय_सीक्यू मध्ये शिरतो तो तिथेच. एरर नाही, सीपीयू शून्य. जीडीबी (डीबगर) लावला तर पीथ्रेड_काँड_वेट मध्ये, म्हणजे दुसऱ्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघत, थांबलेला दिसतो.

क्यूपी आधीच नष्ट होतात. एखादी राहिली असती तर ईबिझी (‘अजून वापरात आहे’ ही एरर) आला असता. माझा संशय अ‍ॅकवर, म्हणजे इव्हेंट मिळाल्याची पोच देण्यावर आहे. आयबीव्ही_अ‍ॅक_सीक्यू_इव्हेंट्स आत म्युटेक्स (थ्रेडांमधलं लॉक) घेतं आणि ते दरवेळी महागात पडतं, म्हणून इव्हेंट मोजत जातो आणि 64 झाले की एकदम अ‍ॅक करतो.

शेवटचे उरलेसुरले इव्हेंट मुख्य थ्रेडने अ‍ॅक केले तर चालतील, की ज्याने घेतले त्यानेच करायला हवेत? आणि समजा अ‍ॅक झाला, डिस्ट्रॉय सुटलं, पण तेव्हा इव्हेंट थ्रेड आयबीव्ही_पोल_सीक्यू मध्येच (क्यूतून नोंदी उचलत) असेल तर? खरी धास्ती याचीच वाटते.

उत्तर

संशय बरोबर आहे. डिस्ट्रॉयच्या वेळी कर्नल सांगतो की या क्यूचे किती इव्हेंट तुम्ही वाचून नेलेत. तुमच्या अ‍ॅकची बेरीज त्या आकड्याला पोचेपर्यंत लायब्ररी थांबते. चॅनेलमध्ये (इव्हेंट जिथून वाचता तिथे) न वाचलेले राहिले असतील ते कर्नल स्वतः टाकून देतो. अ‍ॅक कुठल्याही थ्रेडने करा, फरक पडत नाही.

धास्तीही रास्त आहे. अ‍ॅक म्हणजे लॉक नव्हे, त्यानंतर पोल केलंत तर मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागू शकतो. म्हणून आधी क्यूपी एरर स्टेटमध्ये न्या आणि फ्लश होऊन (उरलेली कामं रद्द होऊन) येणारी सगळी कम्प्लिशन्स त्याच थ्रेडला उचलू द्या. फ्लश झालेल्या कम्प्लिशनमधल्या ऑपकोडवर (कामाच्या प्रकारावर) विसंबू नका, बफर डब्ल्यूआर_आयडीवरूनच (काम देताना तुम्ही घातलेल्या ओळखक्रमांकावरूनच) ओळखा. मग क्यूपी नष्ट करा, थ्रेड थांबवून जॉइन करा, उरलेले अ‍ॅक करा, नंतर कम्प्लिशन क्यू नष्ट करा, आणि सर्वांत शेवटी चॅनेल. क्यू जिवंत असताना चॅनेल काढायला गेलात तर तिथेही ईबिझी.

थ्रेड आयबीव्ही_गेट_सीक्यू_इव्हेंट मध्ये (इव्हेंटची वाट बघत) अडकून असेल तर नुसता फ्लॅग बदलून तो उठणार नाही. चॅनेलचा एफडी (फाइल डिस्क्रिप्टर) नॉन-ब्लॉकिंग करा आणि लिनक्सच्या पोल() कॉलमध्ये त्याच्या जोडीला एक इव्हेंटएफडी ठेवा, त्यात लिहिलं की थ्रेड उठेल.

प्रश्नकर्ता

फार मदत झाली, मनापासून आभार. पण रिसीव्हसाठी एसआरक्यू (अनेक क्यूपींची सामाईक रिसीव्ह रांग) आहे. मग फ्लश संपला हे कसं कळणार?

उत्तर

एसआरक्यूतले बफर कुठल्या एका क्यूपीचे नसतात, त्यामुळे ते तिच्याबरोबर फ्लश होत नाहीत. क्यूपी एररमध्ये नेल्यावर ‘लास्ट डब्ल्यूक्यूई रीच्ड’ (या क्यूपीने आता एसआरक्यूतून आणखी काही घेणार नाही) या असिंक इव्हेंटची वाट बघा, मग कम्प्लिशन क्यू रिकामी होईपर्यंत पोल करा. तो इव्हेंटही आयबीव्ही_अ‍ॅक_असिंक_इव्हेंट ने अ‍ॅक करा, नाहीतर आता क्यूवर अडकताय तसेच क्यूपी नष्ट करताना अडकाल.