वायरलेस इंटरनेट टॉवरच्या कामाला ड्रोन: मुंबईत नियम सैल करावेत का?

गच्चीवरचा_पोल
ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रो हौसेखातर उडवा, रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्याच ड्रोनने टॉवरचे फोटो काढून बिल लावलं की लागतं. धंद्याचा ड्रोन काय जास्त जोरात पडतो? नुसता गंज किंवा कनेक्टरवरची सुटलेली टेप बघायला ४० मीटरवर माणूस चढवायचा आणि ड्रोन कागदांत अडकवायचा, हा उलटा न्याय झाला. टॉवर तपासणीला मायक्रोपर्यंत सूट द्या.

फ्रेनेल५८
सूट नको, आणि कारण कागदाचं नाही. लोखंडी टॉवरजवळ ड्रोनचं होकायंत्र बिनसतं. आजूबाजूला उंच इमारती असल्या की जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो. ड्रोनला वाटतं आपण सरकलो, तो जागेवर यायला जातो आणि टॉवरच्या जाळीत घुसतो. त्या क्षणी जीपीएसशिवाय, हाताने ड्रोन सांभाळता आला पाहिजे. हौशी माणसाला ते जमतंच असं नाही.

त्यात आपले सेक्टर (एका दिशेला सिग्नल फेकणारे अँटेना) ५.८ गिगाहर्ट्झवर आणि बऱ्याच ड्रोनचा व्हिडिओ २.४ किंवा ५.८ वर. सेक्टरच्या तोंडासमोर गेलात की चित्र गोठतं. रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन आपोआप घरी निघतो, आणि परतीची उंची ३० मीटर ठेवली असेल तर वाटेत टॉवर आहेच. म्हणून परतीची उंची टॉवरच्या टोकापेक्षा १५-२० मीटर जास्त ठेवायची आणि व्हिडिओ हाताने २.४ वर टाकायचा. होकायंत्र कॅलिब्रेट करायचं ते गच्चीच्या स्लॅबवर नाही (खाली सळ्या आहेत), मोकळ्या मैदानात. सेक्टरला बाजूने किंवा मागून गाठायचं, समोरून कधीच नाही.

रिगर_मुलुंड
मला मुळात गरजच पटत नाही. मुंबईत निम्म्याहून जास्त काम गच्चीवरच्या ३ ते ६ मीटरच्या पोलवर. तिथे शिडी पुरते. शिवाय फोटोत नट जागेवर दिसतो, पान्याला मात्र अलगद फिरतो. खाऱ्या हवेत क्लॅम्पचं गॅल्व्हनायझिंग गेलेलं फोटोत दिसेल, पण पाणी शिरतं ते टेपच्या आत. सिग्नल ५ डीबीने पडला तर शेवटी हार्नेस, डबल लॅनयार्ड (सुरक्षा दोर) घालून वर जावंच लागतं.

गच्चीवरचा_पोल
दुरुस्तीला चढावं लागतं हे कबूल. पण दोन ठिकाणांमधली वायरलेस लिंक टाकायच्या आधीचं काय? ३ किलोमीटरच्या लिंकला ५.८ वर मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमध्ये लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या साधारण ६.२ मीटर येते. त्यातली ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर, मोकळी हवी. समोर रिडेव्हलपमेंटची उंच इमारत आणि तिची क्रेन. स्लॅबवर उभं राहून दुर्बिणीतून समजत नाही की ६ मीटरचा पोल लावला तर लिंक त्यावरून जाईल की नाही. ड्रोन त्या उंचीवर धरला की पोल घ्यायच्या आधीच उत्तर मिळतं.

घारदादा
आणि टॉवरवर घारीचं घरटं असलं तर? तिच्यापुढे कुठलंही सर्टिफिकेट चालत नाही.

नकाशावाला
सर्टिफिकेटवर उगाच भांडताय. वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, आणि मग १० वर्षं निवांत. छोट्या कंपनीने दोन मुलं तयार केली की संपलं.

खरी अडचण हवाई नकाशा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल झोन. म्हणजे अंधेरी, कुर्ला, वांद्रे सगळं परवानगीशिवाय बंद, आणि हे नॅनोलाही लागू. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा (परवानगी नको), पण उंची मोजायची जमिनीपासून. आता २० मजली इमारत घ्या: ३ मीटरचा एक मजला, ६० मीटर झाले, म्हणजे २०० फूट तिथेच जवळपास संपले. गच्चीवरून ड्रोन मीटरभर उचलला की पिवळ्या झोनमध्ये. विमान त्या इमारतीला घासून जात नाही, तरी तिच्या माथ्यावरच्या १० मीटरसाठी एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी. मागायचंच असेल तर हे मागा: इमारतीच्या माथ्यापासून १५ मीटर वर आणि तेवढंच बाजूला, तपासणीसाठी मोकळं.

कुलाब्याकडे नौदल आणि ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, तिथे हा विषयही काढू नका. शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश मधून मधून निघतात. झोन हिरवा असला तरी ते आधी बघायचे.

रिगर_मुलुंड
उंची माथ्यापासून मोजायला माझी हरकत नाही, पण बाजूचे १५ मीटर देऊ नका. गच्चीच्या कठड्याबाहेर गेलात की खाली फुटपाथ आणि समोर लोकांच्या बेडरूमच्या खिडक्या. मायक्रोला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्यासाठीच, आणि सोसायटीचा सेक्रेटरी पहिल्यांदा तोच कागद मागेल.

नकाशावाला
बाजूला ५ मीटर, कठड्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस. चालेल?

रिगर_मुलुंड
पावसाळा सोडून चालेल.